जनसंपर्क कार्यातील संशोधनाची भूमिका : अहमदनगर जिल्ह्यातील चार टप्प्यांचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

'जनसंपर्क' हा शब्द उच्चारला की वृत्तपत्रांना पाठविली जाणारी प्रसिद्धीपत्रके, उद्घाटन समारंभाचे फलक, संस्थेची स्मरणिका आणि मान्यवरांचे स्वागत-सत्कार एवढेच चित्र सामान्यतः आपल्या डोळ्यांसमोर उभे राहते. जनसंपर्क म्हणजे संस्थेचे म्हणणे लोकांपर्यंत पोहोचविणे, अशी ही रूढ समजूत आहे. या विषयाच्या अभ्यासकांनी मात्र तिला फार पूर्वीच छेद दिला आहे. अमेरिकन अभ्यासक जॉन मार्स्टन यांनी १९६३ मध्ये जनसंपर्क कार्याचे संशोधन, कृती, संज्ञापन आणि मूल्यमापन असे चार टप्पे सांगितले. या क्रमात संज्ञापन तिसऱ्या स्थानी येते. पहिले स्थान संशोधनाचे आहे. पुढे १९८४ मध्ये जेम्स ग्रुनिग आणि टॉड हंट यांनी जनसंपर्काची चार प्रतिमाने मांडली. केवळ प्रसिद्धी, एकतर्फी माहितीप्रसार, द्विमार्गी असमतोल आणि द्विमार्गी समतोल अशी ती चार प्रतिमाने होत. पहिल्या दोन प्रतिमानांत संशोधनाची फारशी गरज भासत नाही. तिसऱ्यात संशोधन असते, पण ते लोकांचे मन वळविण्यासाठी असते. चौथ्या प्रतिमानात लोक काय म्हणतात हे समजून घेऊन संस्थेने स्वतःच्या धोरणातही बदल करणे अपेक्षित असते.

भारतात १९५८ मध्ये पब्लिक रिलेशन्स सोसायटी ऑफ इंडिया ही व्यावसायिक संघटना स्थापन झाली आणि जनसंपर्काला स्वतंत्र व्यवसायाचे रूप येऊ लागले. आपल्या पाठ्यपुस्तकांत हा विषय प्रामुख्याने परदेशी कंपन्या व महानगरांतील उद्योग यांच्या उदाहरणांनी शिकविला जातो. परंतु संस्था आणि लोक यांच्यातील संबंध, व त्या संबंधात पाहणी, नोंदी व आकडेवारी यांचे स्थान, हा प्रश्न ग्रामीण महाराष्ट्रालाही नवा नाही. अहमदनगर जिल्हा (२०२४ पासून अहिल्यानगर) या दृष्टीने विशेष उल्लेखनीय ठरतो. पर्जन्यछायेतील दुष्काळप्रवण तालुके आणि कालव्यांखालील बागायती पट्टा अशी दोन टोके असलेल्या या जिल्ह्याची पाहणी शासन, अर्थशास्त्रज्ञ, डॉक्टर आणि ग्रामस्थ अशा निरनिराळ्या घटकांनी वेळोवेळी केली. त्यांपैकी काही पाहण्यांतून लोकांशी विश्वासाचे नाते निर्माण झाले, तर काहींतून केवळ जाडजूड अहवाल निर्माण झाले. हा फरक का पडला, याचा शोध घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत शोधनिबंधात केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती :

प्रस्तुत अभ्यासाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.

१. अहमदनगर जिल्ह्याच्या इतिहासातील निवडक पाहण्या व प्रयोग यांच्या आधारे संशोधन आणि जनसंपर्क यांचा परस्परसंबंध तपासणे.
२. कोणत्या परिस्थितीत संशोधन हे जनसंपर्काचे साधन बनते आणि कोणत्या परिस्थितीत बनत नाही, हे पाहणे.
३. महाविद्यालयांमार्फत होणाऱ्या ग्रामीण सर्वेक्षणांच्या संदर्भात त्यातून मिळणारा बोध नोंदविणे.

यासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून प्रकाशित साहित्याचा आधार घेतला आहे. प्रत्येक टप्प्याला तीन प्रश्न विचारले आहेत. माहिती कोणी व कोणाकडून गोळा केली? निष्कर्ष कोणाच्या हाती गेले? आणि त्या निष्कर्षांमुळे माहिती गोळा करणाऱ्या संस्थेने स्वतःत काही बदल केला काय? पहिल्या टप्प्याच्या काळात 'जनसंपर्क' ही संज्ञाच प्रचारात नव्हती, याची जाणीव आहे. येथे ती केवळ विश्लेषणाचे साधन म्हणून वापरली आहे.

पहिला टप्पा : दख्खनच्या दंग्यांची चौकशी (१८७५ ते १८७९)

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांवर हल्ला केला. त्यांच्या रोषाचे मुख्य लक्ष्य सावकारांजवळील कर्जरोखे व हिशेबाच्या वह्या हे होते. कागद हाती आला की तो जाळून टाकला जाई. पुढील काही आठवड्यांत हे लोण अहमदनगर जिल्ह्यातील पारनेर, श्रीगोंदे, नगर व कर्जत या तालुक्यांत पसरले. मुंबई सरकारने चौकशीसाठी आयोग नेमला व त्याचा अहवाल १८७६ मध्ये तयार झाला. रयत, सावकार व अधिकारी यांच्या जबान्या, सारा, पिके, किमती आणि व्याजाचे दर यांविषयीची विपुल आकडेवारी या अहवालात आहे. दख्खनच्या आर्थिक इतिहासाचे साधन म्हणून त्याचे महत्त्व आजही टिकून आहे.

संशोधनाच्या काटेकोरपणात हा अहवाल उणा नव्हता. तथापि त्याचा निष्कर्ष असा होता की, रयतेच्या असंतोषाचे कारण सरकारी साऱ्यात नसून सावकारी पिळवणुकीत आहे. म्हणजे ज्या सत्तेने चौकशी केली, तिने स्वतःला चौकशीच्या कक्षेबाहेर ठेवले. या अहवालातून १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांना तो लागू झाला. कर्जापायी शेतकऱ्याला होणारी कैद थांबली, तसेच कर्जरोख्यामागील खऱ्या व्यवहाराची तपासणी करण्याचा अधिकार न्यायालयांना मिळाला. हे लाभ नाकारता येणार नाहीत. पण ज्यांनी जबान्या दिल्या त्या रयतेपर्यंत त्या जबान्यांतून काय निघाले हे पोहोचविण्याची व्यवस्था या प्रक्रियेत नव्हती. अहवाल जिल्ह्यातून मुंबईस गेला व मुंबईहून लंडनला गेला. तो पारनेरला परतला नाही. १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा अहमदनगर जिल्ह्यावरील खंड प्रसिद्ध झाला. त्याचीही दिशा हीच होती. राज्यकर्त्यांनी जिल्हा जाणून घेतला, मात्र जिल्ह्याने स्वतःला जाणून घ्यावे हा त्याचा हेतू नव्हता.

याच काळात शेजारच्या पुण्यात एक वेगळा प्रयत्न सुरू होता, त्याची नोंद येथे तुलनेसाठी आवश्यक वाटते. १८७० मध्ये स्थापन झालेल्या सार्वजनिक सभेचे सभासद होण्यासाठी किमान पन्नास प्रौढ व्यक्तींचे मुखत्यारपत्र सादर करावे लागे. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात सभेने गावोगावची माहिती मिळवून ती सरकारपुढे मांडली. संशोधन कोणाच्या वतीने केले जाते, हा प्रश्न सभेने मुखत्यारपत्राच्या रूपाने आधीच सोडविला होता. सरकारी आयोगाला तो पडलाच नव्हता.

दुसरा टप्पा : प्रवरा परिसर, कालव्यांची पाहणी व सहकारी कारखाना (१९४५ ते १९५०)

विसाव्या शतकात भंडारदरा धरण व प्रवरा कालवे यांमुळे जिल्ह्याच्या उत्तर भागाचे रूप पालटले. बागायतीबरोबर ऊस आला आणि त्यामागोमाग खाजगी साखर कारखानेही आले. परंतु शेतकऱ्याच्या वाट्याला गुळाचे पडते भाव, कर्ज आणि कंपन्यांना खंडाने दिलेल्या जमिनी हेच आले. १९३० मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक प्रा. धनंजयराव गाडगीळ हे या भागाकडे वळले ते अभ्यासक म्हणून. गोदावरी व प्रवरा कालव्यांमुळे झालेल्या प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष आर्थिक लाभांची त्यांनी केलेली पाहणी १९४८ मध्ये संस्थेने प्रसिद्ध केली. कालव्याचा लाभ केवळ सरकारी महसुलात न मोजता शेती, मजुरी, व्यापार आणि वाहतूक यांवरील परिणामांसह मोजावा, ही या पाहणीमागील दृष्टी होती.

या पाहणीतून सहकारी साखर कारखाना निघाला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. कारखान्यामागे लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील यांची अनेक वर्षांची खटपट होती. १९२३ मध्ये लोणी बुद्रुक येथे सहकारी पतपेढी सुरू करून त्यांनी सहकाराचा अनुभव घेतला होता. औपचारिक शिक्षण अल्प असले तरी कोणत्या गावात कोणाकडे किती ऊस आहे, कोण कोणाच्या कर्जात आहे आणि कोणाच्या शब्दाला गावात मान आहे, याचे त्यांचे ज्ञान एखाद्या सर्वेक्षकाला हेवा वाटावा असे होते. १९४५ मध्ये बेलापूर येथे भरलेल्या कालव्यांवरील बागायतदारांच्या परिषदेत गाडगीळ यांनी सहकारी कारखान्याचा विचार मांडला. त्यानंतर विखे पाटील व त्यांचे सहकारी भाग भांडवल जमविण्यासाठी गावोगाव फिरले. सहकार खात्याचे मंत्री वैकुंठभाई मेहता यांचा पाठिंबा मिळाला. १९४८ मध्ये संस्था नोंदली गेली आणि १९५०-५१ च्या हंगामात गळीत सुरू झाले. गाडगीळ हे कारखान्याचे पहिले अध्यक्ष होते, तर विखे पाटील उपाध्यक्ष.

जनसंपर्काच्या दृष्टीने या घटनेचे मर्म दोन गोष्टींत आहे. पहिली गोष्ट अशी की, शेतकऱ्याला भाग घेण्याचे आवाहन करताना केवळ भावनेला हात घातलेला नव्हता. उसाचा उत्पादन खर्च, गुळाचा भाव आणि साखरेतून मिळू शकणारा मोबदला यांचा हिशेब त्याच्यापुढे ठेवता येत होता. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. ज्याने पाहणी केली तो अभ्यासक निष्कर्ष लिहून पुण्यातच थांबला नाही. तो त्या लोकांच्या संस्थेचा अध्यक्ष होऊन त्यांच्यापुढे उत्तरदायी बनला. सर्वसाधारण सभेत सभासदाने प्रश्न विचारावा व अध्यक्षाने उत्तर द्यावे, हे नाते दंग्यांच्या आयोगाला अकल्पनीय होते. १८७५ मध्ये कागदावरील हिशेब हे शेतकऱ्याच्या भीतीचे कारण होते, म्हणूनच तो कागद जाळीत होता. पाऊणशे वर्षांनी त्याच जिल्ह्यातील शेतकरी स्वतःच्या संस्थेच्या हिशेबाचा कागद मागू लागला.

तिसरा टप्पा : जामखेडचा आरोग्य प्रकल्प (१९७० पासून)

जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, कोरडवाहू जामखेड तालुक्यात, डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. वेल्लोर येथील वैद्यकीय शिक्षणानंतर नेवासे तालुक्यातील वडाळा येथील मिशन रुग्णालयात काम करताना, आलेले बहुसंख्य आजार टाळता येण्याजोगे आहेत, असे त्यांच्या लक्षात आले होते. त्यानंतर अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास करून ते परतले. लोकांनी बोलाविल्याशिवाय कामास सुरुवात करावयाची नाही, हे त्यांनी आधीच ठरविले होते.

गावांतील पाहणीतून पुढे आलेली पहिली गोष्ट डॉक्टरांना फारशी सोयीची नव्हती. लोकांच्या अग्रक्रमात आरोग्यसेवा वरच्या स्थानी नव्हती. त्यांना प्रथम अन्न व पाणी हवे होते. प्रकल्पाने हा निष्कर्ष स्वीकारला आणि पिण्याचे पाणी, शेती व बालकांचा आहार हे आरोग्याच्या कामाचेच भाग बनविले. त्यानंतर १९७२ च्या भीषण दुष्काळाने लोकांचे म्हणणे किती योग्य होते हे सिद्ध केले. दुसरा धडा प्रकल्पाला स्वतःच्या अपयशातून मिळाला. सुरुवातीस प्रशिक्षित परिचारिका गावांत ठेवण्यात आल्या. परंतु बाहेरून आलेल्या तरुण मुलीचा सल्ला गावातील स्त्रिया मानीनात. तेव्हा गावातीलच एखाद्या स्त्रीला प्रशिक्षण द्यावे असा मार्ग पुढे आला. यातून 'ग्राम आरोग्य सेविका' ही व्यवस्था उभी राहिली. या सेविकांपैकी अनेक जणी निरक्षर होत्या व अनेक जणी दलित समाजातील होत्या. त्या ठराविक दिवशी जामखेडला एकत्र येत, गावातील जन्म, मृत्यू व आजार यांची माहिती सांगत, नवे शिकत आणि परत जाऊन ते गावात सांगत. तरुण शेतकरी मंडळे व महिला मंडळे यांनीही पाहणीच्या कामात भाग घेतला.

येथे संशोधन आणि संज्ञापन हे दोन स्वतंत्र विभाग राहिले नाहीत. जी स्त्री माहिती गोळा करीत होती, तीच त्या माहितीचा अर्थ शेजारणीला समजावून सांगत होती. १९७१ मध्ये प्रकल्पाच्या गावांतील बालमृत्यूचे प्रमाण दर हजार जिवंत जन्मांमागे १७६ होते. १९९३ पर्यंत ते १९ पर्यंत खाली आले, असे प्रकल्पाची आकडेवारी दर्शविते. १९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने प्रसिद्ध केलेल्या लोकाधारित आरोग्यसेवेवरील ग्रंथात जामखेडच्या प्रयोगावर आरोळे दांपत्याचे प्रकरण समाविष्ट झाले. १९७९ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. जामखेडला ही कीर्ती प्रसिद्धीपत्रकांनी मिळवून दिली नाही. नोंदींमुळे प्रकल्पाला स्वतःच्या चुका दिसत होत्या व तो त्या दुरुस्त करीत होता, यातच या विश्वासार्हतेचे मूळ होते.

चौथा टप्पा : हिवरे बाजारचा पाण्याचा ताळेबंद (१९८९ पासून)

नगर तालुक्यातील हिवरे बाजार हे पर्जन्यछायेतील गाव. १९७२ च्या दुष्काळानंतर स्थलांतर, व्यसने व भांडणे यांनी ते पोखरले गेले होते. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले आणि १९९४ मध्ये गाव आदर्श गाव योजनेत सहभागी झाले. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, कुटुंबनियोजन व श्रमदान ही पंचसूत्री पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीच्या प्रयोगाने आधीच परिचित केली होती. पाणलोटाची कामे झाली व भूजल पातळी वाढली. येथपर्यंतची कथा सर्वश्रुत आहे. परंतु प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्यापुढचा भाग अधिक महत्त्वाचा ठरतो.

पाणी वाढले की ते उपसण्याची स्पर्धाही वाढते, हा अनेक गावांचा अनुभव आहे. हिवरे बाजारने यावर योजलेला उपाय म्हणजे पाण्याचा ताळेबंद होय. गावातील पर्जन्यमापकांवर पावसाची नोंद होते व विहिरींच्या पाण्याची पातळी मोजली जाते. पावसाळ्यानंतर उपलब्ध पाण्याचा हिशेब ग्रामसभेपुढे मांडला जातो. प्रथम माणसे व जनावरे यांचे पिण्याचे पाणी, त्यानंतर इतर वापर आणि उरलेल्या पाण्यात बसतील तेवढी पिके, असा क्रम ठरतो. पाऊस कमी असेल त्या वर्षी जास्त पाणी पिणारी पिके घ्यावयाची नाहीत, हा निर्णय कोणा अधिकाऱ्याचा नसतो. तो सर्वांसमोर मांडलेल्या आकड्यांतून निघतो. शेतीसाठी कूपनलिका घेण्यावरील बंदीही याच समजुतीवर टिकली आहे. १९९५ मध्ये गावात १६८ कुटुंबे दारिद्र्यरेषेखाली होती, तर २०१० मध्ये केवळ तीन, असे प्रसिद्ध आकडे सांगतात.

या टप्प्यावर संशोधन करणारा व संशोधनाचा विषय यांतील भेदच मावळतो. पाऊस मोजणारा शेतकरी आणि त्या मोजणीनुसार कांदा की ज्वारी हे ठरविणारा शेतकरी एकच असतो. आपल्याला गैरसोयीचा आकडा तो नाकारू शकत नाही, कारण तो त्याच्या डोळ्यांदेखत मोजला गेलेला असतो.

निष्कर्ष :

चारही टप्प्यांचा एकत्रित विचार करता पुढील निष्कर्ष निघतात.

१. संशोधनाचा काटेकोरपणा ही चांगल्या जनसंपर्काची आवश्यक अट आहे, पण ती पुरेशी नाही. दंग्यांच्या आयोगाकडे विपुल माहिती होती. तरीही शासन व रयत यांच्यात विश्वासाचे नाते त्यातून निर्माण झाले नाही.
२. ज्यांच्याकडून माहिती घेतली त्यांच्याकडे निष्कर्ष परत गेले, तेव्हाच संशोधनाचे रूपांतर जनसंपर्कात झाले. प्रवरा परिसरात हे सभासदत्वामुळे घडले, जामखेडमध्ये ग्राम आरोग्य सेविकेमुळे, तर हिवरे बाजारमध्ये ग्रामसभेमुळे.
३. निर्णायक कसोटी तिसऱ्या प्रश्नाची आहे. संस्थेने निष्कर्षांना स्वतःवर लागू होऊ दिले काय? जामखेडने आपला अग्रक्रम व आपली कर्मचारी-रचना बदलली. १८७६ च्या आयोगाने सरकारी साऱ्याला दोषमुक्त ठरविले. ग्रुनिग व हंट यांनी ज्याला द्विमार्गी समतोल म्हटले, त्याचा प्रत्यक्ष अर्थ हाच आहे.

समारोप :

आज कायद्यानेही माहिती लोकांकडे परत जाण्याचा मार्ग मोकळा केला आहे. राळेगणसिद्धीतून उभ्या राहिलेल्या आंदोलनानंतर महाराष्ट्रात २००२ मध्ये माहितीच्या अधिकाराचा कायदा झाला व २००५ मध्ये केंद्रीय कायदा आला. त्यातील कलम ४ नुसार सार्वजनिक प्राधिकरणांनी आपली माहिती मागणीची वाट न पाहता प्रकट करावयाची आहे. रोजगार हमीच्या केंद्रीय कायद्यात ग्रामसभेमार्फत सामाजिक अंकेक्षणाची तरतूद आहे. असे असतानाही अनेक संस्थांच्या वार्षिक अहवालांत छायाचित्रे वाढत जातात आणि गैरसोयीचे आकडे कमी होत जातात, हे आपण पाहतो.

या बाबतीत महाविद्यालयांनी प्रथम स्वतःकडे पाहणे उचित ठरेल. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत, पदव्युत्तर प्रकल्पांत व लघुशोध प्रकल्पांत आपले विद्यार्थी दरवर्षी गावोगाव प्रश्नावल्या भरून घेतात. एकाच कुटुंबाने निरनिराळ्या वर्षी तीच माहिती तीन-तीनदा दिलेली असते. त्या प्रश्नावल्यांचे पुढे काय झाले, हे त्या कुटुंबाला कधी कळत नाही. अहवाल विद्यापीठाकडे जातो, गुण मिळतात आणि बांधीव प्रत कपाटात जाते. दंग्यांच्या अहवालाचा प्रवास मुंबई व लंडनकडे झाला. आपल्या अहवालांचा प्रवास अंतराने लहान असला तरी दिशेने वेगळा नाही.

यावर उपाय खर्चिक नाही. प्रत्येक सर्वेक्षणाचा एका पानाचा सुबोध मराठी सारांश ग्रामसभेत वाचून दाखवावा, ग्रामस्थांनी दाखविलेल्या चुका अंतिम अहवालात नोंदवाव्यात आणि एक प्रत ग्रामपंचायतीत ठेवावी, एवढे केले तरी पुरे. असे झाल्यास महाविद्यालयाला निराळ्या जनसंपर्काची आवश्यकता फारशी भासणार नाही. पुढील वर्षी आपला विद्यार्थी प्रश्नावली घेऊन गावात जाईल, तेव्हा मागील वर्षी काय निघाले, हे त्याला विचारले जाणार नाही. ते गावाला आधीच ठाऊक असेल.